गाठी काहून थांबायच्या

मुजफ्फर कशालाही हात लावतो तो उलट्या हातानं. मोटार असो, बेअरिंग असो, की तापलेल्या लेकीचं कपाळ.

तो दाराकडं तोंड करूनच बसतो.

चहा पिता पिता थांबतो आणि हवा हुंगतो. काय झालं विचारलं तर म्हणतो, "काही नाही."

रस्त्यात खिळा दिसला की उचलतो. कपडे धुण्याआधी बायकोला, गझालाला, त्याचे खिसे झाडावे लागतात.

कोणी हसत धावत आला तरी तो आधी त्याच्या मागं काय आहे ते बघतो.

लग्नाच्या मांडवात गेला की वायरी कुठून आल्यात ते पाहून येतो. स्वतःच्या साळ्याच्या वलिम्यात, लग्नानंतरच्या दावतीत, त्यानं आचाऱ्याला सिलिंडर मांडवाबाहेर काढायला लावले होते. बिर्याणी उशिरा झाली. सासरचे अजून बोलतात.

या सवयी भित्र्या माणसाच्या आहेत आणि ते तो लपवत नाही. आर्णीच्या बाहेर यवतमाळ रोडला एक जिनिंग आहे, तिथं तो मेंटेनन्स बघतो. कपाशीतून रुई आणि सरकी वेगळी करायची, रुई दाबून गाठी बांधायच्या, गाठी सूतगिरणीला पाठवायच्या, हे तिथलं काम. मुजफ्फरचा आजा पिंजारी होता. वडील गफ्फार याच जिनिंगमध्ये फिटर होते. म्हणजे तीन पिढ्या कापसात गेल्या. कापूस घरात असला की चूल सांभाळून पेटवावी लागते, हे त्याला अक्षरं यायच्या आधी कळलं होतं.

जिनिंगमध्ये आग काही नवलाची नसते. कपाशीत खडा येतो, खिळा येतो, रेच्याच्या पात्यावर आपटतो आणि ठिणगी उडते. रेचा म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणारं यंत्र. ठिणगी उडाली की माणसं धावतात, यंत्र थांबवतात, जळका कापूस ओढून काढतात, ओली पोती टाकतात. थोड्या वेळानं पट्टा पुन्हा फिरायला लागतो. हमाल त्यावर हसतातही. मुजफ्फरला मात्र त्या रात्री जेवण जात नाही.

दोन वर्षांपूर्वी शेठनं त्याला यवतमाळला एका प्रशिक्षणाला पाठवलं. लहान कारखान्यांसाठी होतं. पुण्याहून शाल्मली नावाच्या मॅडम शिकवायला आल्या होत्या. विषय होता लीन. मुजफ्फरला तो शब्द ओठावर बसायला वेळ लागला, पण गोष्ट पहिल्याच तासाला पटली. जे गिऱ्हाइकाच्या उपयोगाचं नाही ते शोधा आणि काढा. माल पडून राहणं, माणसानं उगाच चालणं, यंत्र बिघडल्यावर धावणं, कोणाची तरी वाट बघणं, हे सगळं वाया जाणं आहे. कशाचंही कारण हवं असेल तर पाच वेळा 'का' विचारा.

बाकीच्यांनी यातून बचत ऐकली. मुजफ्फरनं दुसरंच ऐकलं. पसारा म्हणजे आग लपायची जागा, असं त्याला आयुष्यभर वाटत आलं होतं. आता ते कोणीतरी फळ्यावर लिहून दाखवत होतं.

तो परत आला आणि कामाला लागला. बिघडल्यावर दुरुस्ती ही रीत त्यानं बंद केली. रोज सकाळी यंत्रं सुरू होण्याआधी सफाई, तेल, पट्ट्यांचा ताण. कपाशीतले खिळे ओढून घेणारे लोहचुंबक दर पाळीला पुसायचे. पान्यांसाठी भिंतीवर फळी लावली आणि प्रत्येक पान्याचा आकार पिवळ्या रंगात काढला, म्हणजे नसलेला पाना लांबूनच दिसावा. ज्याचा उपयोग कोणाला सांगता आला नाही त्यावर लाल चिठ्ठी लागली आणि ते भंगारात गेलं. वजनकाट्यावर क्षितिज बसतो, मराठीत एम. ए. झालेला. त्याच्याकडून पाट्या लिहून घेतल्या.

"कवी, 'कृपया' लिहू नको," मुजफ्फर म्हणाला. "कृपया वाचेपर्यंत हात जाते मशीनमध्ये."

फरक पडला. यंत्रं बंद पडणं कमी झालं. ठिणग्याही कमी झाल्या. गझाला म्हणाली, "घर में भी पट्टे मारोगे क्या?" आणि त्यानं खरंच सिलिंडरभोवती पिवळी रेघ मारली.

मग त्याची नजर अंगणावर गेली.

प्रेसमधून निघालेल्या गाठी अंगणात पडून असायच्या. दोन दिवस, कधी चार, कधी आठवडा. त्यानं शिकवल्याप्रमाणं 'का' विचारलं. गाठी का थांबतात? गाडी येत नाही म्हणून. गाडी का येत नाही? निरोप उशिरा जातो म्हणून. निरोप उशिरा का जातो? असं विचारत विचारत तो ऑफिसातल्या श्रीकृष्णबाबूंच्या टेबलापर्यंत पोचला, आणि उत्तर सापडलं. आता प्रेस किती गाठी काढणार हे सकाळीच ठरायचं आणि गाडी तेवढ्या हिशेबानं यायची. गाठ प्रेसमधून निघाली की सरळ गाडीवर. अंगण रिकामं झालं. शेठनं पेढे वाटले. मुजफ्फरनं रिकाम्या अंगणाचा फोटो मॅडमना पाठवला. त्यांनी टाळ्या पाठवल्या.

पेटण्यासारखं अंगणात आता काही नव्हतं. त्या हिवाळ्यात तो कधी नव्हे इतका निवांत झोपला.

गाठीच्या आत आग राहू शकते, हे त्याला माहीत नव्हतं. तिथं कोणालाच नव्हतं. जिनिंगमध्ये एक बोलणं होतं, वडिलांच्या वेळेपासूनचं: दाबली की मेली. प्रेस इतक्या जोरानं दाबते की आत हवा उरत नाही. हवा नाही तर आग नाही. ते खरं वाटायचं. गाठीवर हात मारला तर लाकडावर मारल्यासारखा आवाज येतो.

जानेवारीतला एक दिवस. आदल्या संध्याकाळी एका रेच्यात ठिणगी उडाली होती. लहानशी. नेहमीसारखी विझवली, काम पुढं चाललं. सकाळी ड्रायव्हर खेमसिंगची गाडी त्या गाठी भरून अमरावतीच्या सूतगिरणीकडं गेली. दुपारच्या आधी प्रेस जरा थांबली तशी मुजफ्फर बॅटरी घेऊन सफाई बघायला पेटीत वाकला. वरच्या कोपऱ्यात लोखंडाला रुईचा एक पुंजका चिकटला होता. बोराएवढा. काळा.

त्यानं उलटा हात लावला. थंड होता. बोटात धरताच त्याची राख झाली.

रेचा आणि प्रेस यांच्यात लांब नळी आहे. रुई हवेनं त्या नळीतून येते. आग त्यांनी रेच्यापाशी विझवली होती. हा पुंजका नळीच्या या टोकाला होता. म्हणजे विझवायच्या आधी काहीतरी जळतं इथवर आलं. एक कण इथं चिकटला. बाकीचे गाठीत गेले.

दाबली की मेली, तो स्वतःशी म्हणाला.

मग त्याला दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. अंगणातली एक गाठ भर दुपारी आपोआप पेटली होती. जवळ कोणी नव्हतं. शेठनं एका हमालाला बिडीवरून काढलं. तो हमाल शपथा घेत होता की मी तिकडं गेलोच नाही. मुजफ्फरनं तेव्हा शेठचीच बाजू घेतली होती. ती गाठ पेटण्याआधी काही दिवस रेच्यात ठिणगी उडाली होती की नाही, हे त्याला आता आठवेना.

गाडी यायची नाही म्हणून गाठी थांबायच्या. त्या थांबल्या म्हणून जे पेटायचं ते अंगणात पेटायचं. उघड्यावर, माणसांपासून लांब. हे कोणी ठरवलेलं नव्हतं. आणि त्यानं ते काढून टाकलं होतं.

त्यानं गेटवर येऊन आपला मोबाईल घेतला आणि खेमसिंगला फोन लावला. फोन वाजला. गेटवरच्या फळीत, त्याच्यापासून हातभर अंतरावर.

मोबाईल आत न्यायचा नाही, गेटवर ठेवायचा, हा नियम मुजफ्फरचाच. पूर्वी ड्रायव्हर गेटपाशी तास दोन तास बसायचे, तंबाखू मळायचे, निघताना फोन घेऊन जायचे. आता गाडी इतकी लवकर भरायची की बसायला वेळच नसायचा. खेमसिंग कागद घेऊन निघून गेला होता. फोनवर लग्नातलं कुठलंसं बंजारा गाणं वाजत होतं. गेटवरचा माणूस हसला. "सकाळपासून पाचदा वाजला. बायको आहे त्याची."

मुजफ्फरनं त्याच फोनवरून तिला, रुपीबाईला, लावला.

"कुठं मेला होता?" ती म्हणाली.

"भाभी, मी मुजफ्फर. जिनिंगमधून. फोन राह्यला त्याचा इथं."

"डोकंच राह्यते त्याचं इथं तिथं. फोन काय."

"जेवायले कुठं थांबते तो? त्या रोडवर?"

"नेरच्या अलीकडं ढाबा नाही का, मोठा लिंब आहे तिथं. जेवते अन् झोपते घंटाभर. काहून?"

"फोन पोचवतो."

"एवढ्या दूर?" ती जरा थांबली. "काय झालं, भाऊ?"

"काही नाही. गाडीत झोपते ना तो? केबिनमध्ये?"

"केबिन तापते म्हणते. वर चढते. गाठीवर ताडपत्री अंथरून."

मुजफ्फरनं फोन ठेवला. मोबाईल हातात घेऊनच तो ऑफिसकडं धावला.

श्रीकृष्णबाबू चष्मा पुसत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"धूर दिसला काय कोणाले?"

"नाही."

"वास?"

"नाही, बाबूजी."

"मग नेरच्या बंबवाल्याले काय सांगू मी? एक गाडी आहे, तिच्यात एक गाठ आहे, कोणती ते माहीत नाही, ती पेटली नाही, पण या?"

"असंच सांगा."

बाबूंनी त्याच्याकडं पाहिलं. बावीस वर्षं ते या माणसाला आणि त्याच्या बापाला बघत आले होते. "तुले तर पंख्यातूनही धूर दिसते," ते म्हणाले, आणि तरी फोन उचलला.

क्षितिजनं मोटारसायकल काढली. मुजफ्फर मागं बसला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी उभी होती, बोंडं फुटलेली, वेचायची राहिलेली. एरवी त्याला ते शेत छान दिसतं. आज मैलोगणती पेटायचं सामान दिसत होतं. तो दर वळणाला पुढचं आकाश बघत होता. एकदा उजवीकडं धूर दिसला आणि त्यानं क्षितिजचा खांदा इतक्या जोरात धरला की गाडी हलली. कोणीतरी धुऱ्यावरचा, शेताच्या बांधावरचा, कचरा पेटवला होता.

"तू नको पाहू," क्षितिज म्हणाला. "मी पाहतो."

"तू रोड पाह्य."

यवतमाळ मागं पडलं. श्रीकृष्णबाबूंचा फोन आला. बंब तयार आहे, पण गाडी नेमकी कुठं आहे ते विचारतात. आणि शेठ विचारतात, सूतगिरणीवाल्या पार्टीला काय सांगायचं. लिंबाच्या ढाब्यापाशी असेल, एवढं सांगून मुजफ्फरनं फोन बंद केला.

मग लिंब दिसला. त्याखाली गाडी. धूर नव्हता.

ढाब्यावर भट्टी धडधडत होती. मागच्या बाजूला सोयाबीनच्या कुटाराचा, वाळल्या भुशाचा, ढीग, त्याला टेकून दोन सिलिंडर. बाजेवर चार माणसं जेवत होती. आणि गाडीवर, गाठींच्या अगदी वर, केबिनकडच्या बाजूला, ताडपत्रीच्या घडीवर डोकं ठेवून खेमसिंग झोपला होता. एक पाय खाली लोंबत होता. चप्पल नव्हती.

मुजफ्फर खाली उभा राहिला. त्यानं तो पाय धरला आणि ओढला.

"कोण बे?" खेमसिंग वरून म्हणाला. मग वाकून बघितलं. "मुजफ्फरभाई? तू इथं?"

"खाली ये."

"काहून?"

"ये आधी."

खेमसिंग डोळे चोळत उतरला. क्षितिजनं त्याच्या हातात फोन दिला. "फोन द्यायले दोघं आले?" तो म्हणाला. "लय इमानदार कंपनी झाली तुमची. पुढच्या टायमाले चप्पल विसरतो."

मुजफ्फरनं सांगितलं. ठिणगी, नळी, काळा पुंजका. सांगताना त्यालाच ते तोकडं वाटत होतं. खेमसिंग ऐकता ऐकता ढाब्याकडं बघायला लागला. मग सिलिंडरांकडं. मग गाडीकडं.

"गाडी माझी आहे," तो हळूच म्हणाला. "शेठची नाही."

"माहीत आहे मले."

"दीड तासाचा रस्ता राह्यला. तिथंच नेतो. ते पाहतील."

"धावत्या गाडीले हवा लागते, खेमसिंग. आत जर असल तर..."

"असल तर."

"हो. असल तर."

ढाबेवाला जवळ आला होता. त्यानं अर्धंच ऐकलं आणि पुरेसं होतं. "भाऊ, पहिले गाडी हलवा इथून. मग बोला."

गाडी हलवायला कोणीतरी आत बसायला हवं होतं. समोर, रस्त्यापलीकडं गायरान होतं, उघडं, दगडगोट्यांचं. तिथवर जायला फार अंतर नव्हतं. खेमसिंग चढला. स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. किल्ली फिरवेना.

मुजफ्फर दुसऱ्या बाजूनं चढून शेजारी बसला. का बसला ते त्याला सांगता आलं नसतं. खाली राहून बघत बसणं त्याहून वाईट वाटलं.

"तुले लेक आहे ना?" खेमसिंगनं विचारलं.

"आरजू."

"मग उतर."

"चालव."

गाडी पायी चालल्यागत चालली. मुजफ्फर आरशात बघत होता. आरशात ताडपत्रीची कड हलत होती, तिच्यापलीकडं काही दिसत नव्हतं. पाठीमागं पत्रा होता आणि पत्र्यामागं गाठी. त्याची पाठ सीटला टेकत नव्हती. गायरानात चाक दगडावर चढलं, सगळा भार एकदा कलला, आणि खेमसिंगच्या तोंडून त्याच्या आईचं नाव निघालं. मग गाडी थांबली. दोघं दोन बाजूंनी उतरले आणि काही पावलं पळाले. मग थांबून एकमेकांकडं पाहिलं. खेमसिंग हसला. मुजफ्फरला हसता आलं नाही.

क्षितिजनं नेरच्या बाजारातून हमाल आणले. बंबही आला. हमालांचा मुकादम कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"आग कुठं आहे?"

"आतमध्ये," मुजफ्फर म्हणाला.

"कशाच्या आत?"

"माहीत नाही."

"लय भारी काम आहे," मुकादम म्हणाला. "लगनाले बोलावलं अन् नवरीचा पत्ता नाही."

गाठी एकेक करून उतरल्या. मुजफ्फरनं त्या दूर दूर ठेवायला लावल्या, एकीची झळ दुसरीला लागू नये इतक्या. प्रत्येक गाठीला तो सहाही बाजूंनी उलटा हात लावत होता. थंड. पुढची थंड. तिसरी उन्हानं जरा कोमट वाटली, तो तिथं बराच वेळ बसून राहिला, मग तीही निवली. संध्याकाळ व्हायला आली तोवर गायरानभर गाठी पांगल्या होत्या, आणि सगळ्या थंड होत्या. बंबवाले विड्या पेटवायला लांब गेले. मुकादमानं जाताना त्याच्या पाठीवर थाप मारली, चांगल्या मनानंच.

श्रीकृष्णबाबूंचा फोन आला. आवाज दबलेला होता, बाजूला शेठ असावेत. "काही निघालं?"

"नाही."

"मग भरा अन् पाठवा. पार्टी बोंबलून राह्यली. शेठ म्हणते, तू यानंतर गेटच्या बाहेरचं पाहू नको."

मुजफ्फरनं फोन खिशात ठेवला. आता त्याला दोन भीती वाटत होत्या. एक जुनी. दुसरी ही की तो चुकला आहे. उद्यापासून सगळं जिनिंग त्याला पंख्यातल्या धुराबद्दल विचारेल, आणि मग खरोखर धूर दिसला तरी कोणी धावणार नाही. दुसरी भीती 'गाठी भर' म्हणत होती. हमाल अजून रस्त्यावरच होते. हाक मारली असती तर वळले असते.

खेमसिंग चाकाला टेकून बसला होता. "मले एक सांग," तो म्हणाला. "तुले भेव वाटून राह्यलं, का पक्कं माहीत आहे?"

"भेवच."

खेमसिंगनं गाडीकडं पाहिलं. मग चपला शोधायला लागला. त्या ढाब्यावर राहिल्या होत्या.

"मग राहू दे," तो म्हणाला. "रुपीले फोन लावतो. तू तिच्याशी बोल, शिव्या तू खाय."

ते थांबले. ती रात्र गेली, दुसऱ्या दिवशीची सकाळ गेली. ढाबेवाल्यानं चहा पाठवला, तो मात्र स्वतः आला नाही. क्षितिज सकाळी परतला, त्याला काटा उघडायचा होता. शेठचा फोन आला नाही. ते मुजफ्फरला शिव्यांपेक्षा जड गेलं.

दुपारी वारा पडला तेव्हा वास आला. इस्त्री विसरल्यावर येतो तसा. मुजफ्फर चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला आणि नेहमीप्रमाणं हवा हुंगली. खेमसिंगनं त्याच्याकडं पाहिलं. या वेळी त्यानंही नाक वर केलं.

मधल्या एका गाठीवर, ती बांधणाऱ्या पट्टीच्या कडेला तपकिरी डाग होता. सकाळी नव्हता. ते बघत असताना तो पैशाएवढा झाला, मग बशीएवढा. मग त्यातून धुराची एक बारीक रेघ निघाली आणि सरळ वर गेली. आवाज नव्हता. भीतीदायक असं त्यात काही दिसतच नव्हतं. फोन करून पुन्हा बोलावलेल्या बंबानं पाणी मारलं, तशी पट्टी तुटली, गाठ फुगून उकलली आणि आतला लाल निखारा दिसला. परातीएवढा. हवा लागताच तो भडकला. पाणी मारलं की वरून काळा व्हायचा आणि आतून पुन्हा लाल. संध्याकाळपर्यंत तेच चाललं. शेवटी खड्डा खणून तिला मातीत पुरली.

"ही गाडीत कुठं होती?" खेमसिंगनं विचारलं.

गाठीवर नंबर असतो. कोणती कुठं चढवली हे मुजफ्फरला माहीत होतं. ती सगळ्यात वर होती, केबिनच्या बाजूला, ताडपत्रीच्या घडीखाली.

"मधीच होती कुठंतरी," तो म्हणाला.



मुजफ्फर आर्णीला परतला तेव्हा शेठ गेटवर उभे होते. त्यांनी त्याला मिठी मारली. आठवड्यात अंगणाच्या लांबच्या कोपऱ्यात जागा आखली गेली. गाठी आता तिथं थांबतात, एकमेकींपासून दूर, ठरवून. क्षितिजनं पाटी लिहिली. ज्या दिवशी ठिणगी उडेल त्या दिवसाच्या गाठी जास्त थांबतात. काढून टाकलेल्या हमालाकडं मुजफ्फर गेला होता. घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, माणसं तेलंगणात कामाला गेली. शाल्मली मॅडमना त्यानं सगळं कळवलं. त्यांनी फोन केला, बराच वेळ बोलल्या, चूक पद्धतीची नाही असं समजावून सांगितलं. त्यालाही ते पटतं. यंत्रं आजही वेळेवर चालतात. पाना आजही जागेवर सापडतो.

पण झोप गेली ती गेली.

कारण त्या दोन वर्षांत त्यानं केवळ गाठींचं थांबणंच काढलं नव्हतं. ज्या ज्या वस्तूला लाल चिठ्ठी लागली तिची जागा अजून दिसते. फरशीवर, भिंतीवर, जुना रंग शाबूत राहिलेले चौकोन. रिकामे. तो आता त्यांच्याकडं बघत चालतो. इथं काय होतं, आणि काहून होतं?

मधल्या सुट्टीत तो एकेका चौकोनापाशी उभा राहतो आणि भेटेल त्याला विचारतो. प्रेसजवळचं बाकडं कशाला होतं? बसायला. बरं. जिन्याखालची दुसरी शिडी? पहिली मोडकी होती तेव्हाची. तेही बरं. अशी काही उत्तरं मिळाली आणि तेवढ्यापुरता त्याचा श्वास सैल झाला.

मग तो सरकीच्या गोदामामागं आला. तिथं भिंतीलगत तीन रिकामे ड्रम उभे असायचे. भिंतीवर जुन्या रंगाचे तीन उभे पट्टे आहेत. त्यानं श्रीकृष्णबाबूंना विचारलं. बाबू म्हणाले, "तुझ्या बापाच्या टायमापासून होते, मी कधी इचारलं नाही." शेठना माहीत नव्हतं. मुजफ्फरनं विचारून हैराण केल्यावर प्रेसवाला म्हणाला, "भाऊ, ड्रम होते. ड्रमच्या जागी ड्रम होते."

परवा त्यानं भंगाराच्या ढिगातून ते शोधून काढले. पहिला घरंगळत नेऊन पट्ट्यापाशी उभा केला. दुसरा घेऊन निघाला आणि वजनकाट्यापाशी थांबला. का होते हे न कळता काढले. आता का ते न कळता ठेवायचे? पूर्वी त्यांच्यात पाणी असायचं का? की वाळू? की रिकामेच हवे होते? गोदामाच्या त्या भिंतीतून आता वायर गेली आहे, ती तेव्हा नव्हती. रिकाम्या ड्रममध्ये काय साठेल? त्यानं ड्रमला उलटा हात लावला. ऊन होतं, म्हणून तापला होता.

गेटवर हॉर्न वाजला. खेमसिंगची गाडी आली होती. थांबून झालेल्या गाठी भरायच्या होत्या, आणि त्या चढताना मुजफ्फरला तिथं उभं राहायचं असतं. तो गेला.

ड्रम अजून वजनकाट्यापाशी आडवा पडला आहे. गाड्या त्याला वळसा घालून जातात. क्षितिजनं दोनदा विचारलं, हलवू का. मुजफ्फर म्हणाला, राहू दे, मी पाहतो.